घड्याळातला सेल संपतो म्हणजे त्यातले नेमके काय संपते?

सेलमध्ये वीज साठवलेली नसते. ती रासायनिक क्रियेतून त्या त्या क्षणी निर्माण होते, त्यामुळे संपतात ते त्या क्रियेत भाग घेणारे पदार्थ. साध्या कोरड्या सेलचे जस्ताचे डबडे हेच त्याचे ऋण टोक असते: जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून ओलसर लगद्यात विरघळतात, आणि ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने, घड्याळ चालवत, मधल्या कार्बनच्या कांडीकडे पोहोचतात, जिथे मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी ते स्वीकारते. जुन्या सेलचे डबडे झिजून लगदा बाहेर झिरपतो, तो याच कारणाने. म्हणून संपलेला सेल घड्याळात मुळीच राहू देऊ नये. इंधन घट (फ्युएल सेल) हाही रासायनिक क्रियेतून वीज देणारा सेलच, पण त्याला हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेरून पुरवतात, त्यामुळे पुरवठा असेपर्यंत वीज मिळत राहते आणि पाणी तयार होते. अपोलो यानांतील अंतराळवीर हेच पाणी पीत असत.