लेक कॅथलॅबमध्ये जायचं म्हणते, रेडिएशनचं काय?

(या वेळी उत्तरं देतेय कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत हृदयाच्या शिरांत नळी घालून अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, १५ वर्षं काढलेली एक टेक्निशियन ताई)

प्रश्न: ताई, मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडले, एमबीबीएसचा विषय संपला. आता म्हणते कार्डिऑलॉजी टेक्निशियन होते. तिचे काका म्हणतात तिथे दिवसभर एक्स-रे चालू, उद्या मूलबाळ व्हायला अडचण आली तर? आणि हे काम असतं तरी काय, डॉक्टरांच्या हातात सामान द्यायचं का? – एक आई, परभणी

उत्तर: काकू, काकांचं सगळंच चूक नाहीये, पण एक्स-रे दिवसभर चालू नसतो हो, डॉक्टरांनी पेडल दाबलं तेवढाच वेळ चालतो. आपल्या अंगावर येतात ते मुख्यतः पेशंटच्या शरीरावर आपटून पसरलेले किरण, आणि अंतर दुप्पट केलं की ते साधारण पाव होतात, म्हणजे दोन पावलं मागे सरकणं हाच पहिला उपाय, तो फुकटचा. शिवाय टेक्निशियन बराच वेळ शिशाच्या काचेमागे कन्सोलवर असतो. आत जाताना लेड ॲप्रन आणि गळ्याला थायरॉइड कॉलर. खरं सांगू, इतक्या वर्षांत मला रेडिएशनपेक्षा त्या पाच-सहा किलोच्या ॲप्रननं जास्त छळलंय, कंबर विचारू नका.

ॲप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज लावतात, म्हणजे आपल्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मी नवीन असताना बॅज ॲप्रनलाच अडकवून घरी गेले, ॲप्रन आत टेबलाशेजारच्या स्टँडवर, आणि दोन दिवस केसेस चालल्या त्या सगळ्या माझ्या बॅजनं खाल्ल्या! रिपोर्ट आला तेव्हा लेखी खुलासा द्यावा लागला आणि वर सिनियरच्या शिव्या. याच्या उलट काहीजण रीडिंग कमी यावं म्हणून बॅज ड्रॉवरमध्येच ठेवतात, तो तर शुद्ध गाढवपणा. दिवस राहिले की लगेच कळवायचं, त्यानंतर बाळासाठी उरलेल्या महिन्यांत १ मिलिसिव्हर्टचीच मर्यादा असते, म्हणून बहुतेक ठिकाणी ईसीजी, टूडी इकोकडे ड्युटी बदलून देतात. इको म्हणजे सोनोग्राफीच, त्यात एक्स-रे नाही. माझी दोन्ही मुलं याच नोकरीत झाली.

आता काम. सामान देणं आहेच, पण आमची खरी नजर पडद्यावरच्या पेशंटच्या रक्ताच्या प्रेशरच्या लाइनवर असते. केस सुरू व्हायच्या आधी ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा सेन्सर, पेशंटच्या हृदयाच्या लेव्हलला आणून झिरो करायचा, तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी प्रेशर सात-आठनं जास्त दिसतं आणि बीपी लो असलेला पेशंट बरा वाटायला लागतो. पुढे कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, हृदयाच्या शिरेच्या तोंडात जास्त घुसला की पडद्यावरची उंच टोकदार लाट एकदम बसते, चपटी होते. त्याच क्षणी काचेमागून माइकवर ओरडायचं, ‘सर, प्रेशर डॅम्प!’, म्हणजे दबलंय. तशातच डाय (एक्स-रेत शीर दिसावी म्हणून सोडतात ते औषध) मारला तर शीर फाटू शकते, व्हीएफ होऊ शकतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, आणि मग शॉक द्यायच्या मशीनकडे, डिफिब्रिलेटरकडे पळायचं. समोर कितीही मोठे सर असू देत, तिथे लाजून चालत नाही. तुमची मुलगी वर्गात हात वर करून बोलणारी आहे का? तसं असेल तर मार्कांचं मनावर घेऊ नका.

रात्रीचे कॉल मात्र असतात. हार्ट ॲटॅकचा पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद शीर उघडायचं टार्गेट असतं, त्यामुळे फोन वाजला की केस विंचरत बसायला वेळ नाही, घर हॉस्पिटलजवळ हवं. लग्न जमवताना हे आधीच सांगा.

प्रश्न: सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स चालेल का? – बारावी सायन्स, लातूर

उत्तर: नको. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलचा डिग्री कोर्स बघ, तीन वर्षं आणि वर वर्षभर इंटर्नशिप. टेक्निशियनसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यानंतर या कामांसाठी डिग्री आणि नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणारे. ॲडमिशनआधी एकच विचार, कॉलेजची स्वतःची चालू कॅथलॅब आहे का, आणि तिथे रोज केसेस होतात का. माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नकोस.

प्रश्न: वडिलांचा ईसीजी एका ठिकाणी ‘गडबड आहे’ म्हणाले, तासाभरात दुसरीकडे नॉर्मल आला. कोण खोटं? – सांगली

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात, दुखणं कमीजास्त होताना ईसीजी बदलतो, म्हणून एक नॉर्मल आला की विषय संपला असं धरू नका. पण पहिल्या कागदावर लीड वन (‘I’ लिहिलेली रेघ) सगळा उलटा असेल तर हातांच्या वायर बदलल्या गेल्याची शक्यता बरीच. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, घाईत हेच उलटं होतं, माझ्याकडूनही झालंय. दोन्ही कागद कार्डिऑलॉजिस्टना एकत्र दाखवा. आणि छातीत अजून दुखत असेल तर हे वाचत बसू नका, आधी वडिलांना गाडीत बसवा.