पोच घेतलीस का?

चि. सिस्टर,

रात्री 3 वाजून 40 मिनिटांनी तू ग्रुपवर लांबलचक काहीतरी टाकलंस आणि मला चष्मा सापडेपर्यंत डिलीटही केलंस. सकाळी फोन केला तर म्हणे, "काही नाही मॅडम, जरा वैताग आला होता." मग अर्ध्या तासाने सगळं बाहेर आलं. दोन सिस्टर, एकोणीस पेशंट. वर आयसीयूत बेड नाही म्हणून एक जण कॅज्युअल्टीतच व्हेंटिलेटरवर पडून. त्यात नवले पुलाच्या अपघातातले तिघे एकदम आले, कुणाच्या तरी मेव्हण्याने तुला ढकललं, आणि पहाटे इनचार्ज म्हणाल्या, रात्रीचे राहिलेले बीपी-पल्स भरून टाक. तुझा प्रश्न, नोकरी सोडू की गप्प बसू?

दोन्ही नको. लेखी दे, पोच घे.

ते बीपी-पल्स तू भरलेस की नाही, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पुढच्या वेळी मात्र भरू नकोस. 'रुग्णसंख्येमुळे 2 ते 4 या वेळेत नोंद घेता आली नाही' असं लिही आणि खाली सही ठोक. अगं, खोटी नोंद भरलीस की त्यांच्या बाजूचा पुरावा तूच तयार करतेस: बघा, दोन सिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित होतंय! मग तिसरी कशाला देतील?

मला हे कळायला एक मुलगा जावा लागला.

विसर्जनाची रात्र होती. रस्ते बंद, ॲम्ब्युलन्स कुठून कुठून वळसे घालून येत होत्या. पंचविशीतला मुलगा, डोक्याला मार, बेशुद्ध. स्ट्रेचरवरून घेतला आणि भडाभडा ओकला. घशातलं ओढून घेणाऱ्या सक्शन मशीनचं बटण दाबलं तर मोटर नुसती गुणगुणली, नळीला ओढच नाही. त्याला कुशीवर वळवलं, 50 सीसीच्या सिरिंजला कॅथेटर लावला आणि हाताने ओढत बसले. वॉर्डबॉय मामांनी दुसऱ्या मजल्यावरून मशीन आणेपर्यंत छातीत जायचं ते गेलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. डोक्याच्या मारानेही गेला असेल. मला कधीच कळलं नाही.

ते मशीन तीन आठवडे बंद होतं. मी तीनदा सांगितलं होतं. स्टोअरला, दुरुस्तीवाल्याला, आणि एकदा चहा पिता पिता खुद्द आरएमओंना, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना. चौकशीत विचारलं, "कळवलं होतं?" "हो सर." "कागद कुठाय?" मेमो मात्र मला लेखी मिळाला. पोच म्हणून माझी सही घेऊन.

तर लेखी दे. आणि 'स्टाफ कमी आहे, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती' असलं काही लिहिलंस तर मीच फाडीन. तारीख, पाळी, बेड किती, पेशंट किती, सिस्टर किती. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा. त्या रात्री किती वेळाने निघाला आणि तेव्हा तू कुठल्या बेडवर अडकली होतीस, ते मिनिटांत लिही. दोन प्रती काढ. ऑफिसात येणारे कागद नोंदतात त्या आवकच्या खिडकीवर एकीवर शिक्का, तारीख, नंबर घे. खिडकीतला म्हणेल, "ठेवून जा, सिस्टर." ठेवून यायचं नाही. शिक्का पडेपर्यंत उभं राहायचं. आठ तास उभी राहतेसच, आणखी दहा मिनिटं राहा.

ढकलाढकलीचंही तसंच. डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा 2010 चा आहे, त्यात परिचारिकाही आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. पण व्यवस्थापन म्हणणार, मिटवून टाकू, हॉस्पिटलचं नाव खराब होतं. मिटवोत बापडे. तुझा अर्ज आवकला नोंदलेला असू दे.

पगाराचं तू लाजत विचारलंस, त्याचा मला रागच आला. सुप्रीम कोर्टाच्या 29 जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. 50 पेक्षा कमी बेडच्या खासगी दवाखान्यातही किमान 20 हजार द्या, 200 च्या वर बेड असतील तर सरकारी सिस्टरइतका पगार द्या, अशी तिची शिफारस आहे. शिफारसच आहे, मान्य. पण तुझी स्लिप तिच्याशेजारी ठेवून बघ. आणि रजा मागितली की "तुझी ड्यूटी कोण करणार?" म्हणतात ना? नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी 30 टक्के जागा जादा धरल्या आहेत. तुझी ड्यूटी कोण करणार हा प्रश्न त्यांचा आहे, तुझा नाही.

इथे माझंही चुकलं. मी अर्ज केले ते पेशंटसाठी. स्टाफला बाथरूम नाही, मासिक पाळी आली तरी सहा सहा तास जाता येत नाही, हे एकदाही लिहिलं नाही. लाज वाटायची. सेवा म्हणायचो ना आम्ही. तू लिही.

आमच्या वेळच्या संपात माझ्या मैत्रिणी बाहेर बसल्या होत्या आणि मी आत राहिले. त्यातली एक अजूनही बोलत नाही. कॅज्युअल्टी सोडून जाणं मला जमलं नाही, आजही जमणार नाही. पण 2022 च्या मे महिन्यात कंत्राटी भरतीविरुद्ध सरकारी सिस्टर काम बंद ठेवून बसल्या, तेव्हा टीव्ही बघताना त्या चुकतायत असं काही वाटलं नाही. मला भित्री म्हणणाऱ्यांना मी माझी फाईल दाखवते. 41 अर्ज, सगळ्यांवर पोच. त्यातल्या सहांचं काम झालं. सहा म्हणजे कमी नव्हेत. दोन तर नवी सक्शन मशीन होती. 'अर्जवाली बाई' म्हणायचे, त्वचारोगाच्या ओपीडीत बदली केली, तिथूनही दोन अर्ज दिले.

तुलाही त्रास देतील. म्हणून एकटीची सही नको, त्या पाळीतल्या दोघींची घे. दुसरी घाबरत असेल तर तिला माझ्याकडे घेऊन ये.

रविवारी नाइट सुटली की थेट इकडे या. आधी झोपा, मग जेवा, मग बसू. रात्री डिलीट केलंस ते कागदावर उतरवून आण, फोनवर दाखवू नकोस. झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो, दोन प्रती आधीच काढ.

तुझी,
मॅडम