इस्तिखारा केला, पण उत्तर आले नाही

चिपळूण तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र: “यंदा बारावी विज्ञान झाले. ‘नीट’च्या गुणांवर बीयूएमएसला (युनानी वैद्यकाची पदवी) आणि एमएचटी-सीईटीच्या गुणांवर बी.फार्म.ला (औषधनिर्माणशास्त्राची पदवी) जागा मिळण्याची शक्यता आहे. अब्बांना युनानी हवे आहे, कारण नावापुढे डॉक्टर लागेल. दादीने एका मौलानांकडून इस्तिखारा (निर्णयासाठी अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याची नमाज आणि दुआ) करून घेतला, तेव्हा ‘युनानीत खैर (भले) नाही’ असा निरोप आला. मी स्वतः सात रात्री इस्तिखाराची नमाज पढले, पण ना स्वप्न पडले, ना मन ठरले. बी.फार्म.चा पसंतीक्रम भरायला सहा दिवस उरले आहेत. अल्लाहने उत्तरच दिले नाही, असे समजायचे का?”

तुमच्या प्रश्नाचा धार्मिक भाग मी एखाद्या आलिमच्या (धर्मपंडिताच्या) अधिकाराने नव्हे, तर हीच नमाज पढून असे निर्णय घेतलेला एक करिअर मार्गदर्शक म्हणून हाताळतो आहे; मसल्याबद्दल (धर्मनियमाबद्दल) शंका उरली तर तुमच्या मशिदीच्या इमामांना अवश्य विचारा.

इस्तिखाराचा मूळ आधार असलेली, पैगंबरांचे साथीदार हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांच्या वचन-आचरणाची नोंद) ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहात आहे. पैगंबर (स.) आपल्या साथीदारांना कुराणाची सूरह (अध्याय) शिकवावी तशी ही दुआ शिकवत असत, असे तिच्यात म्हटले आहे. फर्ज (अनिवार्य) नमाजेव्यतिरिक्त दोन रकात (नमाजेची आवर्तने) पढायच्या, दुआ मागायची आणि तिच्यात आपल्या कामाचा उल्लेख करायचा, एवढीच तिची रीत आहे. स्वप्नाचा, त्यात दिसणाऱ्या हिरव्या-काळ्या रंगांचा किंवा सात रात्रींचा उल्लेख या हदीसमध्ये नाही. त्यामुळे स्वप्न पडले नाही म्हणून तुमची दुआ वाया गेली, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

माझ्या व्यवसायामुळे असेल, पण या दुआतला एक शब्द मला नेहमी थांबवतो. ‘हे काम माझ्या दीनसाठी (धर्मासाठी), माझ्या मआशसाठी आणि माझ्या कामाच्या परिणामासाठी चांगले असेल तर ते माझ्या नशिबी लिही, सोपे कर आणि त्यात बरकत दे’ असे मागणे त्यात आहे, आणि मआश म्हणजे उपजीविका. ते काम वाईट असेल तर ‘ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर कर, भले जिथे असेल तिथे ते मला दे आणि मग त्यावर मला राजी कर’ असे पुढे येते. ही सारी मागणी ‘मी’ आणि ‘माझे’ या शब्दांत आहे. दादींनी मायेपोटीच मौलानांकडे धाव घेतली असणार, परंतु साडेपाच वर्षे ज्या मुलीला शिकायचे आहे तिच्या मनाची जागा दुसऱ्याच्या निरोपाला घेता येत नाही. हदीसची सुरुवातही ‘तुमच्यापैकी कोणी एखाद्या कामाचा इरादा करील तेव्हा’ अशी आहे. म्हणजे आधी चौकशी करून मन एका बाजूला झुकलेले असावे, हे त्यात गृहीत आहे. तुम्ही मात्र इरादा होण्याआधीच कौल मागितलात, असे तुमचे पत्र वाचून वाटते.

चौकशीलाही धर्माचा आधार आहे. सूरह आले इम्रानच्या 159व्या आयतीत आधी मशवरा (सल्लामसलत), मग निश्चय आणि मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) असा क्रम येतो. ही आयत उहुदच्या लढाईनंतरची आहे. त्या लढाईपूर्वी सल्लामसलत झाली होती, तरी मुस्लिमांची हानी झाली. आणि त्यानंतरही मशवरा सोडू नका असेच सांगितले गेले.

म्हणून या सहा दिवसांत प्रत्यक्ष दवाखाना चालवणाऱ्या एका युनानी डॉक्टरांना, शक्यतो बाईंना, भेटा आणि त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. बीयूएमएसला साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप असते, आणि युनानीच्या परिभाषेचा मोठा भाग अरबी-उर्दू आहे, तेव्हा तुमचे उर्दू कितपत आहे हेही तपासा. बी.फार्म. चार वर्षांचे असते. नंतर जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.फार्म. करता येते किंवा नोंदणी करून औषधनिर्माता म्हणून काम करता येते. तुमच्या जवळच्या लोटे-परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीत काम करणारे कोणी नात्यात असतील, तर त्यांच्याशीही बोला. तुमच्या मूळ पत्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगांवर अर्धे पान आहे आणि युनानीबद्दल डॉक्टर या उपाधीखेरीज एक शब्दही नाही, त्यामुळे माझा कल बी.फार्म.कडे झुकतो; मात्र तो माझा कल आहे, तुमचा इरादा नव्हे.

अब्बांना आणखी एक गोष्ट दाखवा. दोन्ही प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहेत, बी.फार्म.चा पसंतीक्रम भरल्याने युनानीचा हक्क जात नाही, पण मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर ती हातची जाते. प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि शुल्क परत मिळण्याचे नियम माहितीपुस्तिकेत दोघांनी मिळून वाचा. मन झुकले की पुन्हा दोन रकात पढा, आणि शेवटच्या रात्रीची वाट न पाहता आदल्या दिवशीच अर्ज निश्चित करून त्याची छापील प्रत काढून ठेवा.