दुसरं पान कुठे आहे?

पारोळा तालुक्यातल्या एका ठेकेदार भाऊंचं पत्र आहे. रस्ता आणि त्यावरची मोरी, बी-१ निविदा (खात्याच्या छापील कंत्राटाचा एक नमुना), १८ टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकी दरापेक्षा तेवढ्या कमी दराने घेतलेली. मुदत पावसाळ्यासह १२ महिने. चारशे मीटरची जागा शेवटपर्यंत मोकळी करून मिळाली नाही, वाळूचे लिलाव रखडले, मुदत उलटून गेली. आता सरकारी खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांनी काम काढून घेतलंय आणि १४ लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम नीट होईल म्हणून भाऊंच्या वतीने बँकेने खात्याला दिलेली हमी, वटवा असं बँकेला कळवलंय. बँक मॅनेजरचा फोन आला तेव्हा भाऊंना हे समजलं. पत्राच्या शेवटी लिहितात, "साहेब, चूक खात्याची आणि पैसे माझे. स्टे मिळेल का? आते काय करू?"

शहादा, साक्री, चोपडा, पत्रं सगळीकडून येतात आणि मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, जागा कोणी अडवली आणि वाळू का मिळाली नाही यावर तुम्ही चार पानं लिहिलीत. स्टेच्या अर्जात त्यांचा जवळजवळ काही उपयोग नाही. कामाचं कंत्राट तुमच्यात आणि खात्यात आहे. हमीपत्र बँकेत आणि खात्यात आहे, तो वेगळा करार. "मागणी येताच, कोणतीही हरकत न घेता, वाद असला तरीही" रक्कम देऊ, असं बँकेने त्यात लिहून दिलेलं असतं. तसं असेल तर चूक कोणाची हे बँकेने बघायचं नसतं आणि स्टेच्या टप्प्यावर न्यायाधीशही बघत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या सुमॅक इंटरनॅशनल प्रकरणात दोनच अपवाद ठेवले: हमीच्या मुळावरच घाला घालणारी उघड फसवणूक, किंवा पैसे पुन्हा कधीच मिळू शकणार नाहीत असं भरून न येणारं नुकसान. जागा वेळेवर न देणं ही फसवणूक नव्हे, ढिलाई आहे. आणि समोर राज्य सरकार असताना "नंतर वसूल होणार नाही" हे कोणत्या तोंडाने सांगणार? सरकार उशिरा देतं, रडवून देतं, पण बुडत नाही.

तरीही एक फट असते, आणि ती हमीपत्राच्या मजकुरातच असते. तुम्ही मला तीन पानी हमीपत्राचं पहिलं आणि तिसरं पान पाठवलंत. पहिल्यावर स्टॅम्प आणि पत्ते, तिसऱ्यावर सह्या आणि मुदत. मागणी कोणी करायची, कोणत्या शब्दांत करायची, हे सगळं दुसऱ्या पानावर असतं. नेमकं तेच नाही!

१९९९ च्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या निकालात हमी मुख्य अभियंत्यांच्या नावे होती आणि मागणी केली कार्यकारी अभियंत्यांनी. न्यायालयाने ती मागणी चुकीची ठरवली. हमीतल्या अटींचा मजकूरही तपासला आणि ती बिनशर्त नसल्याचं म्हटलं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या पानावर चार गोष्टी शोधा. मागणीचा अधिकार कोणत्या पदाला दिलाय? "ठेकेदाराने कसूर केली आहे" असं मागणीत लिहिणं बंधनकारक आहे का, आणि खात्याच्या पत्रात ते वाक्य आहे का? रक्कम जुळते का? मागणी मुदतीच्या आत बँकेत पोचली का? यातली एक गोष्ट जरी बसत नसेल तर आजच्या आज शाखेत लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि वकील गाठा. सरकारविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०(२) खाली परवानगी मागून ती अट टाळता येते. पण "तातडी" हा शब्द आठ दिवस घरी बसून आलेल्याच्या तोंडी शोभत नाही.

सगळं बसत असेल तर स्टेचा नाद सोडा. १४ लाख जाणार असं धरून बँकेशी बोला. एफडी मोडून भरायचे की मुदत घेऊन, ते ठरवा, नाहीतर वरून व्याज चढतं.

आता ते चार पानांचं गाऱ्हाणं. त्याची जागा पैसे परत मागण्याच्या दाव्यात आहे, आणि तिथे मला तुमची खरी अडचण दिसते. बी-१ च्या क्लॉज ६ प्रमाणे मुदतवाढीचा अर्ज लेखी द्यायचा असतो: अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्याआधी, जे आधी येईल तेव्हा. तुम्ही लिहिता, "शाखा अभियंत्यांना वेळोवेळी तोंडी सांगितलं." भाऊ, १८ टक्के बिलो टाकताना पैशापैशाचा हिशेब केलात आणि एक साधा अर्ज टाकायला वर्षभरात वेळ मिळाला नाही? वाळूचं तर बोलूच नका. लिलाव रखडतात हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला निविदा भरताना ठाऊक नव्हतं, हे कोणाला पटेल? जागेचा मुद्दा मात्र खरा आहे. तो धरा, वाळूचा मागे ठेवा.

शाखा अभियंत्यांना "साहेब, जागा अजून मोकळी नाही" असे व्हॉट्सॲप गेलेत म्हणता. ते क्लॉज ६ चा अर्ज ठरतील का, याची खात्री मी देणार नाही. पण उशिराचं कारण सांगणारा पुरावा म्हणून त्यांना मोल आहे. मोबाइल बदलू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. मोजमाप पुस्तिकेची आणि जागेबाबत खात्याने केलेल्या पत्रव्यवहाराची नक्कल माहिती अधिकारात आजच मागा. संयुक्त मोजमापाची लेखी मागणी करा, दुसऱ्याने तिथे खडी टाकायच्या आधी.

मुदत संपल्यावरही खात्याने तुमच्याकडून काम करून घेतलं आणि एक आरए बिल (चालू कामाचं हप्त्याचं बिल) काढलं, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे उशिराचं काम स्वीकारताना भरपाईची नोटीस दिली नसेल तर उशिराची भरपाई मागता येत नाही. शिवाय कलम ७४: दंड कितीही लिहिलेला असो, मिळते ती वाजवी भरपाईच, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, असं २०१५ च्या कैलाशनाथ निकालात म्हटलंय. दोन्ही मुद्दे कंत्राटातल्या बाकी अटींवर टिकतात की पडतात, ते पूर्ण कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. क्लॉज ३० खाली अधीक्षक अभियंत्यांकडे वाद आधी मांडा. दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. जळगावात दावा लागून मुद्दे निघेपर्यंत तुमच्या मोरीवर दुसऱ्यांदा डांबर पडलेलं असेल, तेव्हा ही तीन वर्षं फार समजू नका.

साडूंनी बँकेत जामीन म्हणून सही केलीय. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच. बँक आधी तुमच्या मागे लागेलच असं नाही. हमी एकदा वाढवून घेतली तेव्हा त्यांची सही घेतली होती का? नसेल तर कलम १३३ चा, म्हणजे जामीनदाराला न विचारता अटी बदलल्या तर तो पुढच्या जबाबदारीतून सुटतो, हा मुद्दा निघतो, पण बँकेच्या छापील फॉर्मात तो हक्क बहुधा आधीच सोडवून घेतलेला असतो. त्यांनी भरले तर ते तुमच्याकडून वसूल करू शकतात. बँकेची नोटीस त्यांच्या घरी पोचायच्या आत तुम्ही जाऊन सांगा.

पुढच्या कामाला "विम्याचा शुअरिटी बाँड" (बँकेऐवजी विमा कंपनीने दिलेली हमी) घेतला तर हे टळेल का, असंही विचारलंय. विमा नियामकाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत, केंद्राच्या निविदांत असा बाँड चालतो. तुमच्या निविदेत चालतो का, ते निविदा सूचनेत वाचा. पण केळीच्या पीक विम्यासारखं हे नाही. तिथे नुकसान तुमचं आणि पैसे तुम्हाला. इथे हप्ता तुमचा, पैसे खात्याला, आणि कंपनी वसुलीला पुन्हा तुमच्याच दारात. बँकेत एफडी अडकवावी लागते ती कदाचित कमी लागेल, एवढाच फायदा.

दुसरं पान उद्या पाठवा. फोटो नको, झेरॉक्स; पहिल्या पानाच्या फोटोत रकमेवर तुमचा अंगठा आलाय.