जुनी सॅटर्न घ्यावी का? कंपनी का बंद पडली आणि गाडीत काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत शिकायला आला आहात, २००१ ची सॅटर्न एसएल२ मिळतेय, ऑटोमॅटिक, १ लाख ४२ हजार मैल चाललेली, किंमत १८०० डॉलर. ही कंपनी कोणती, बंद का पडली, मालकांचा अनुभव कसा आणि गाडी घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घ्या, पण तीन गोष्टी तपासून: डिपस्टिकवर ऑइल किती आहे, इंजिन गरम झाल्यावर रिव्हर्स गिअर दणका न देता पडतो का आणि खालचं लोखंड किती गंजलंय. बाकीचे बहुतेक आजार घरच्या पान्यांनी बरे होतात.

सॅटर्न ही जनरल मोटर्सची कंपनी. छोट्या जपानी गाड्यांनी अमेरिकेचा बाजार ओढून नेला होता, त्याला उत्तर म्हणून जानेवारी १९८५ मध्ये ती वेगळी काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला नवा कारखाना उभारला आणि कामगार संघटनेशी वेगळा करार केला. कामगारांचे गट स्वतःचं काम स्वतः ठरवत. पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली. खरी नवलाई विक्रीत होती. छापील किंमत तीच शेवटची किंमत, घासाघीस नाही. पसंत नसेल तर ३० दिवसांत किंवा १५०० मैलांच्या आत परत करा. १९९१ मध्ये चुकीचं कूलंट भरलेल्या १८०० वर गाड्या निघाल्या, तेव्हा दुरुस्तीच्या भानगडीत न पडता कंपनीने ग्राहकांना गाड्याच बदलून दिल्या. जून १९९४ मध्ये कारखान्यावर मालकांचा मेळावा भरवला, त्याला सुमारे ४४ हजार लोक आले. त्या वर्षी २ लाख ८६ हजारांच्या आसपास गाड्या खपल्या.

मग गाडं अडलं कुठे? दहा वर्षं एकच गाडी. एस-सिरीज (तुमची एसएल२ त्यातलीच) १९९१ च्या मॉडेलपासून २००२ पर्यंत चालली. ज्यांनी पहिली सॅटर्न घेतली त्यांना पोरंबाळं झाल्यावर मोठी गाडी हवी होती आणि सॅटर्नकडे ती नव्हती. मोठी एल-सिरीज २००० च्या मॉडेलला आली, व्ह्यू ही एसयूव्ही २००२ ला. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. जनरल मोटर्सच्या घरातल्या बाकीच्या ब्रँडांना हे धाकटं लाडकं भावंड आधीपासून खुपत होतंच. वेगळा कामगार करार २००३ च्या अखेरीस मोडला. शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांमागे जनरल मोटर्सच्याच तेव्हाच्या जर्मन कंपनीचा, ओपेलचा हात मोठा होता. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. गाड्यांच्या विक्रीतले बडे उद्योजक रॉजर पेन्स्के यांचा समूह सॅटर्न विकत घेणार होता, पण पुढे गाड्या बनवून कोण देणार यावर घोडं अडलं. त्या बनवून देण्याला फ्रेंच कंपनी रेनोच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबर २००९ ला व्यवहार फिसकटला. ऑक्टोबर २०१० मध्ये कारभार गुंडाळला. माझ्या मते सॅटर्न वाईट गाडीमुळे बुडाली नाही. चांगल्या गाडीच्या पुढची गाडी वेळेवर आली नाही, म्हणून बुडाली.

आता गाडीकडे. एसएल२ च्या दारावर अंगठा जोरात दाबा. पत्रा आत जाऊन पुन्हा जागेवर येतो, कारण तो पत्रा नाहीच. दारं, मडगार्डं, मागच्या बाजू प्लास्टिकच्या आहेत आणि आतल्या पोलादी सांगाड्यावर स्क्रूने बसवलेल्या आहेत. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण मात्र पोलादी. त्यामुळे लोहचुंबक लावून पुट्टी शोधायची युक्ती इथे चालत नाही. पॅनेलांमधल्या रुंद फटी बघूनही अपघाताचा संशय घेऊ नका. प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून त्या मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. कडाक्याच्या थंडीत ठोकर लागली तर मात्र पॅनेल चेपत नाही, तडकतं.

याच प्लास्टिकमुळे एक घोटाळा होतो. वीस वर्षांहून जुनी गाडी बाहेरून चकचकीत दिसते, पण ओहायोतल्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ आतला सांगाडा खात असतं. टॉर्च घेऊन खाली वाका. जॅक लावायच्या जागा, पुढचा क्रेडल म्हणजे इंजिनाखालची चौकट आणि मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवल्यावर गंजाचे पापुद्रे सुटले तर चालेल, टोक आत घुसलं तर तिथूनच परत फिरा.

सॅटर्नचा सगळ्यात मोठा आजार म्हणजे इंजिन ऑइल पितं. १.९ लिटरच्या इंजिनात पिस्टनच्या ऑइल रिंगमागे ऑइल परत खाली निथळायला पुरेशी भोकं नाहीत. ऑइल तिथे साचतं, तापून त्याचा डिंक होतो, रिंग खाचेत चिकटते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल नीट खरवडत नाही. हजार मैलांना एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, हे या गाड्यांत नेहमीचं आहे. धूर दिसेलच असं नाही. बरंचसं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जळून जातं, आणि असं जळता जळता कन्व्हर्टरही निकामी होतो. ओहायोच्या ईशान्येकडच्या काही काउंट्यांत धुराची तपासणी सक्तीची आहे. तुम्ही त्या भागात असाल आणि एवढ्या जुन्या गाडीला ती तपासणी लागू असेल, तर हे खर्चाचं काम आहे.

इंजिनात ऑइल मावतं फक्त ४ क्वार्ट. डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत एका क्वार्टचं अंतर. म्हणजे खालच्या खुणेच्याही खाली एक बोट उतरलं तर निम्मं ऑइल संपत आलेलं असू शकतं. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब कमी पडला की चेन ढिली पडते, खडखडते, आणि ती सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. या गाड्यांची इंजिनं मेली ती बहुतेक अशी. मालकांनी तीन हजार मैलांनी ऑइल बदललं खरं, पण मधे एकदाही डिपस्टिक काढली नाही. म्हणून दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा आणि डिकीत ५डब्ल्यू-३० जातीच्या ऑइलचे दोन डबे ठेवा. मूळच्या इंजिनावर अडीच लाख मैल ओलांडलेल्या एस-सिरीज आहेत, त्यांच्या मालकांची ही सवय पक्की असते.

ऑइल पिणं कमी करायचा घरगुती उपाय म्हणजे पिस्टन भिजवणं. इंजिन कोमट असताना चारही स्पार्क प्लग काढा. पुढचं उजवं चाक काढून आत दिसणाऱ्या क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावा आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, घड्याळाच्या दिशेने फिरवा. प्लगच्या भोकांत लांब काड्या उभ्या करा, चारही सारख्या उंचीवर आल्या की थांबा. आता पिस्टन मध्यावर आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मिलिलिटर सॉल्व्हंट ओता (सी फोम किंवा मार्व्हल मिस्टरी ऑइल चालतं) आणि रात्रभर ठेवा. सकाळी झिरपून गेलं असेल तर पुन्हा ओता. असं दोन-तीनदा.

नंतरची पायरी चुकवू नका. इंधन पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचा जोड सोडवा, प्लगच्या भोकांवर जाड फडकं टाका आणि प्लग न लावताच स्टार्टर काही सेकंद मारा. उरलेला द्रव बाहेर उडेल. द्रव दाबला जात नाही, तो आत राहिला आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जुनं ऑइल काढून टाका, कारण सॉल्व्हंट त्यात उतरलेलं असतं. नवा फिल्टर, नवं ऑइल, ०.०४० इंच गॅपचे साधे कॉपर प्लग. गाडी मोकळ्या जागी सुरू करा, पंधरा-वीस मिनिटं दाट पांढरा धूर येईल. रिंग नुसत्या चिकटल्या असतील तर फरक पडतो. झिजल्या असतील तर पडत नाही, मग पिस्टन-रिंगच बदलाव्या लागतात आणि १८०० च्या गाडीला ते परवडणारं नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ठरलेला आजार म्हणजे गरम झाल्यावर ड्राइव्हमधून रिव्हर्समध्ये टाकताना बसणारा दणका. गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतले व्हॉल्व्ह अडकतात, दाब एकदम चढतो. नुसता दणका असेल तर व्हॉल्व्ह बॉडी बदलून भागतं. रिव्हर्स उशिरा पडत असेल किंवा पडतच नसेल तर आतल्या इनपुट शाफ्टचा नट सैल झाल्याची शंका घ्या. ते काम गिअरबॉक्स उघडून करावं लागतं, ती गाडी घेऊ नका. घेतल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल बदला. याला बाहेरून फिरवून काढता येणारा, इंजिनाच्या ऑइल फिल्टरसारखाच दिसणारा फिल्टर आहे. एकदा काढून भरायला सुमारे ४ क्वार्ट डेक्सरॉन-३ जातीचं ऑइल लागतं. सारख्या दिसणाऱ्या या भागांमुळे घाईच्या ऑइल-बदल दुकानांत चुकून गिअरबॉक्स रिकामा करतात आणि इंजिनात दुप्पट ऑइल ओततात. पहिल्यांदा बदलून घेताना शेजारी उभे राहा.

तिसरी नेहमीची कटकट कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरची. त्याचं प्लास्टिकचं टोक तडकतं, कूलंट झिरपत जोडात चढतं आणि पिना हिरव्या पडतात. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंड आहे. पेट्रोल जास्त जातं, मायलेज घसरतं, पंखा वेळेवर लागत नाही आणि गाडी तापते. सेन्सर सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला आहे. पितळी टोकाचा नवा सेन्सर स्वस्त मिळतो. थंड इंजिनावर बदला आणि पिना गंजल्या असतील तर जोडही नवा लावा. एसी लावून उभ्या गाडीत दात वाजावेत अशी थरथर येत असेल, तर इंजिनाला धरून ठेवणारा उजवीकडचा वरचा रबरी माउंट बसलाय. तोही स्वस्त आणि तासाभराचं काम.

एसएल२ ऐवजी एसएल१ दिसली तर एवढं ध्यानात ठेवा. तिचं एका कॅमशाफ्टचं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, एसएल२ चं १२४. एसएल१ चं हेड कॅमशाफ्टच्या बैठकींमध्ये तडकतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं, तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय बघा. तिच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाची) पिन निसटून केसिंगला भोक पाडते. बर्फात चाक जागच्या जागी गरगर फिरवलं की हे लवकर होतं. २००२ ते २००४ ची चार सिलिंडरची व्ह्यू सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह असेल तर फुकट दिली तरी नको. २००४ ते २००७ च्या व्ह्यूचं व्ही६ इंजिन होंडाचं आहे, चांगलं आहे, फक्त लाखभर मैलांना टायमिंग बेल्ट बदललाय का ते विचारा. एस-सिरीजच्या जागी आलेल्या आयॉनवर २०१४ मध्ये इग्निशन स्विचचं रिकॉल निघालं होतं. चालत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन आणि एअरबॅग बंद पडत. ते काम झालंय का, हे व्हिन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर फुकट कळतं.

इंजिनाचे पार्ट ऑनलाइन सहज मिळतात. पॅनेल आणि आतलं सामान मात्र भंगारवाड्यातूनच शोधावं लागतं, तेही आपल्या रंगाचं मिळेल याचा भरवसा नाही.

बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे याची खात्री करा, मग डिपस्टिक काढा. सुरू केल्यावर चेनची खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली पाहिजे. वीस मिनिटं चालवून या, एसी बंद ठेवून गाडी उभी करा, पंखा लागायची वाट बघा. तो लागला की ब्रेकवर पाय घट्ट ठेवून ड्राइव्हमधून रिव्हर्समध्ये टाका, तीन-चार वेळा. हलका धक्का बसला तर १८०० चे १४०० करून मागा. जोरदार दणका बसला तर किल्ली परत द्या.