तांब्या कुणाच्या उशाशी?

प्रश्न : सिस्टरबाई, मी यावल तालुक्यात माहेरी आले आहे. सीझर झालं, मुलगी आता तीन आठवड्यांची आहे. जन्माचं वजन 2 किलो 800 होतं, परवा 2 किलो 950 भरलं. दिवेलागणीपासून रात्री जेवणं होईपर्यंत ती सारखी पिते आणि रडते. सासूबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझं दूध वाटीत काढायला लावलं आणि म्हणाल्या, ‘हाई ते पानी शे, पोट कसं भरी?’ आत्या म्हणते, ऊन फार आहे, उकळलेलं पाणी चमच्यानं पाज. दवाखान्यातून पावडरचा डबा लिहून दिलाय, तो रात्री एकदा देतो. बोंडांना भेगा पडल्यात, बाळाला जवळ घेतलं की मी पायाची बोटं आवळून घेते. मला दूध खरंच कमी आहे का?

उत्तर : पोरी, वजन तूच लिहिलंस. जन्मल्यावर बाळ आधी थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. तुझी लेक त्याच्या पुढे गेली आहे. रात्रीची एक पावडर धरली तरी उरलेलं सगळं तुझंच. आता एवढं कर, दिवस-रात्रीत ती किती लंगोट ओले करते ते मोज. सहा किंवा जास्त होत असतील, शू पांढरट असेल, तर तिला दूध मिळतंय. रडण्यावरून दुधाचा हिशेब लावू नये. संध्याकाळी या वयाची पुष्कळ बाळं अशीच तासन्‌तास लागून राहतात, आणि त्या ओढण्यानंच दूध वाढतं.

वाटीत काढलं ते सुरुवातीचं दूध. ते पातळच असतं. साय मागून येते, म्हणून एक बाजू पुरती पिऊन होऊ दे, मग दुसरी.

आता पाण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आत्याबाईंची काळजी खोटी नाही. पण अंगावरच्या दुधात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं. चमचाभर पाणी गेलं की तेवढी भूक मरते, बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी उतरतं, शिवाय पाण्यातून हगवण लागायची भीती. सहा महिने पाणी नाही, घुटी नाही, मध तर नाहीच. ऊन जास्त वाटलं तर दोनदा जास्त अंगावर घे.

पाण्याचा तांब्या हवा तो तुझ्या उशाशी. आपल्या भागात अजून बाळंतिणीला पाणी मोजून देतात, का तर पोट सुटतं. वर दारं-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं. ऊन बाहेर असं पेटलेलं असताना शेगडी कशाला? मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. ढसाढसा पाणी प्यायल्यानं दूध वाढत नाही, हेही खरं. पण तहान मारून बसायचं काही कारण नाही. बाळ प्यायला लागलं की आईलाही तहान लागते, तेव्हा पेला हाताशी असावा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा, पण त्याबरोबर दोन वेळा पोटभर भाकरी, डाळ आणि भाजीही खा. नुसत्या लाडवांवर बाई उभी राहत नाही.

भेगांचं कारण बहुतेक वेळा पकडीत असतं. बाळ नुसतं बोंड चोखत असेल तर दुखणारच. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लाव, थांब, जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला आपल्याकडे घे. आपण त्याच्यावर वाकायचं नाही. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, ही पकड बरोबर. चुकली तर करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव, ओढू नकोस. टाके दुखत असतील तर कुशीवर निजून पाज, नाहीतर उशी घेऊन बाळाला काखेखाली धर, पाय तुझ्या पाठीकडे. पाजून झालं की दुधाचा शेवटचा थेंब भेगांवर लावून वाळू दे. साबण नको.

पावडर एकदम बंद करू नकोस. पकड सुधारली की बाळाच्या डॉक्टरांना विचारून, वजन बघत कमी कर. आशाताईंनी 42 दिवसांपर्यंत घरी येऊन बघायचं असतं, त्यांच्याकडे वजनाचा काटा असतो. येत नसतील तर निरोप धाड. बाळ पाजायला उठतच नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, पिवळं दिसत असेल, किंवा तुला ताप येऊन छातीत लाल, दुखरी गाठ झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

आणि सासूबाईंना हे वाचून दाखव. संध्याकाळी लेक रडायला लागली की दूध तपासायच्या ऐवजी ढेकर काढायला त्यांनी तिला खांद्यावर घ्यावं, तुझ्या हातात जेवणाचं ताट द्यावं.

प्रश्न : आमची सून शिरपूरला पतसंस्थेत आहे, पुढच्या महिन्यात कामावर जाईल. नातू पाच महिन्यांचा. दूध काढून ठेवते म्हणते, ते नासत नाही का? — एक आजी

उत्तर : आक्का, नासत नाही, पण उन्हाळ्यात जपावं लागतं. गार खोलीत चार तास चालतं, आपल्या तापलेल्या घरात तेवढा भरवसा धरू नका, काढलं की लगेच फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. चोवीस तासांत वापरा. लाइट बराच वेळ गेली असेल तर टाकून द्या, जीव तुटला तरी. गॅसवर तापवायचं नाही. भांडं कोमट पाण्यात धरायचं आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटली घरात आणूच नका.

सुनेला एक सांगा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मातृत्व लाभाचा कायदा लागतो. आधी तो 1961 चा होता, नोव्हेंबर 2025 पासून 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. त्यात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जास्तीच्या सुट्ट्या मिळतात. घर जवळ असेल तर तुम्हीच नातवाला घेऊन जा. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या तर कायद्याचं नाव घ्या.