पहिलं रेक्विएम कुठलं ऐकावं?

रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेचं संगीत. मोझार्टच्या रेक्विएमपासून सुरुवात करताय ना? मग संगीत संचालक (कंडक्टर) कार्ल ब्योम यांचं १९७१चं, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबतचं ध्वनिमुद्रण घ्या. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. लय फार संथ आहे, आधी जड वाटेल. पण घाई करू नका. सुरुवातीला बॅसेट हॉर्न आणि बासून ही फुंकवाद्यं एकमेकांत कसे गुंफतात ते ऐका, मग कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, येतो.

त्यातला ‘लाक्रिमोसा’ हा भाग मात्र दोनदा ऐका. त्यातले पहिले आठच बार (तालाचे छोटे खंड) मोझार्टच्या हातचे. पुढचं त्याच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य झ्युसमायरने पूर्ण केलं. त्या पहिल्या आठ बारांतच कोरस पायरीपायरीने चढतो आणि माझा श्वास अजूनही अडकतो.

लॅटिन शब्दांचा अर्थ आधी वाचून ठेवा. आणि शक्यतो स्पीकरवरच ऐका, एवढा मोठा कोरस खोलीभर पसरायला हवा.